मे महिन्यात कोरल पांढरं पडतंय? नवा लाइट घेण्याआधी हे तपासा

जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव या पट्ट्यात घरी रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, ठेवणारी मंडळी मोजकीच, पण त्यांच्या अडचणी दरवर्षी त्याच असतात. मार्च सरताना पहिला फोन येतो आणि मे महिन्यात फोन थांबत नाहीत. "भाऊ, कोरलचा रंग उडतोय, लाइट कमी पडतोय बहुतेक. मोठा कोणता घेऊ?" माझं दरवेळी एकच सांगणं असतं: पैसे खिशात राहू द्या आणि आधी खाली दिलेल्या क्रमाने तपासा. आपल्याकडच्या बहुतेक टँकमध्ये प्रकाश कमी नसतो. तो एकदम वाढवलेला असतो, भलत्या वेळी पडत असतो, नाहीतर तापलेल्या पाण्यावर पडत असतो. अशा टँकवर आणखी मोठा लाइट चढवला की उरलेलं कोरलही जातं, आणि जिवंत प्राणी आपल्या घाईने गेल्याचं वाईट वाटत राहतं.

आधी लक्षणं नीट बघा

लाइटचा निळा चॅनल (निळ्या दिव्यांचा गट) बंद करा, फक्त पांढरा लावा आणि पाच मिनिटं टँकसमोर बसा. निळ्या प्रकाशात कोरल चमकतं आणि ती चमक खरा रंग झाकून टाकते. कोरलच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलं तरी त्याची स्वतःची चमकणारी द्रव्यं मागे उरतात. म्हणून ब्लीच होत असलेलं, म्हणजे आतलं शेवाळ गमावत चाललेलं, कोरल कधीकधी आधीपेक्षा जास्त हिरवं किंवा गुलाबी दिसतं. मालक खूश असतो, आणि दोन आठवड्यांनी ते पांढरंफटक पडतं.

पांढऱ्या प्रकाशात काय दिसतं ते लिहून ठेवा. वरचा भाग फिका आणि खडकाच्या सावलीतला भाग तपकिरी असेल तर प्रकाश जास्त झालाय. मश्रूम कोरलवर हे फार स्पष्ट दिसतं: कडा आत वळतात, चकती आक्रसते, आणि वरून धुतल्यासारखी दिसणारी चकती बोटाने हलकी उचलली तर खालून गडद असते. सगळीच कोरल, अगदी सावलीतलीही, एकाच आठवड्यात फिकी पडायला लागली तर संशय तापमानावर घ्या. झोआचे (छोट्या फुलांच्या झुपक्यासारख्या मऊ कोरलचे) देठ लांब होऊन माना वर ताणल्या असतील तर मात्र खरोखर प्रकाश कमी आहे. रंग नुसता तपकिरी झाला असेल तर प्रकाश कमी किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त, दोन्ही शक्य आहे. आणि बुडापासून मांस सोलून पांढरा सांगाडा उघडा पडत असेल तर लाइटचा नाद सोडा, ती बहुधा पाण्याची तक्रार आहे.

पांढरं पडलेलं कोरल म्हणजे मेलेलं कोरल नव्हे. पॉलिप (कोरलचे तोंड असलेले छोटे जीव) हलत असतील, मांस पारदर्शक पण शाबूत असेल, तर ते उपाशी आहे. आतलं शेवाळ प्रकाशातून अन्न बनवतं आणि कोरलच्या गरजेचा मोठा भाग त्यातून भागतो. ते शेवाळ परत यायला वेळ लागतो, तोवर कोरलला जगवायचं असतं.

पहिली तपासणी: टायमर

फुकटची तपासणी, आणि आपल्याकडे सर्वात जास्त वेळा दोष इथेच निघतो. वीज जाणं आपल्याला नवीन नाही. चकतीवाला साधा टायमर विजेवरच फिरतो. वीज तीन तास गेली की त्याचं घड्याळ तीन तास मागे पडतं आणि दुसऱ्या दिवशी लाइट तीन तास उशिरा लागतो. आठवड्यात दोन-चारदा असं झालं की टँकची सकाळ रात्री आठला होते. काही एलईडी लाइटच्या कंट्रोलरमध्ये बॅटरी नसते, वीज आली की घड्याळ शून्यावर जातं किंवा लाइट आधीची सेटिंग विसरून पूर्ण ताकदीने सुरू होतो. वायफाय प्लग वीज आल्यावर राउटर उठेपर्यंत वेळापत्रक चुकवू शकतो.

कागद घ्या. तीन दिवस लाइट प्रत्यक्ष किती वाजता लागला आणि किती वाजता बंद झाला ते घरच्यांकडून टिपून घ्या. अॅपमध्ये काय दिसतं त्यावर विसंबू नका. एकूण आठ ते दहा तास, त्यातही पूर्ण ताकद तीन ते पाच तास, एवढं पुरे असतं. बारा-चौदा तास निघाले तर आजार सापडला. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, हा फार स्वस्त उपाय आहे.

वीज गेल्यावर लाइट इन्व्हर्टरवर चालावा म्हणून काहीजण धडपडतात. त्याची गरज नाही. कोरल एक-दोन दिवस अंधारात आरामात काढतं, पण पाणी थांबलं तर तासांत संकट येतं, कारण कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप घ्या, लाइट नाही.

दुसरी: मीठ, धूळ आणि खिडकी

लाइटच्या खालची काच किंवा अॅक्रिलिकचा पत्रा काढून हातात घ्या आणि उजेडासमोर धरा. पाण्याचे शिंतोडे सुकून मिठाचा पापुद्रा बसलेला असतो. त्यात उन्हाळ्यातल्या वावटळीची धूळ, आणि खोलीत कूलर असेल तर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग. हा थर हळूहळू जमतो, म्हणून डोळ्यांना कळत नाही. वीज बंद करून, लाइट थंड झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा. काच पुसायचा स्प्रे वापरू नका, त्यातला अमोनिया टँकला घातक आणि अॅक्रिलिकलाही वाईट.

एक काळजी मात्र घ्या. महिनोन् महिने न पुसलेली काच एकदम लख्ख केली की कोरलवर पडणारा प्रकाश एका मिनिटात वाढतो. त्याच दिवशी अॅपमधून ताकद १५-२० टक्के खाली आणा आणि मग दर आठवड्याला थोडी वाढवा. पुढे दर रविवारी पुसलं तर हा प्रश्न येत नाही.

मोबाइलमधलं लक्स मोजणारं अॅप इथे उपयोगी पडतं, पण मर्यादेत. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, निळा प्रकाश त्यात फार कमी मोजला जातो. रीफचा लाइट बहुतांश निळा. त्यामुळे आकडा खरा धरू नका. पण पुसण्याआधी आणि पुसल्यावर, तोच मोबाइल, पाण्याच्या वर तीच जागा, असे दोन आकडे घेतले तर फरक किती पडला ते कळतं.

मग दुपारी चारला खोलीत जाऊन उभे राहा. पश्चिमेची खिडकी असेल तर एप्रिलचं ऊन टँकच्या एका कडेवर पडतं का ते बघा. दुपारच्या थेट उन्हात चौरस मीटरला सेकंदाला २००० मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश असतो. तिरपं आणि काचेतून आलेलं ऊन कमी झालं तरी मश्रूमसारख्या कोरलला ५० पुरतात हे लक्षात घ्या. टँकची एकच बाजू फिकी पडत असेल तर जाड पडदा लावून दोन आठवडे थांबा.

तिसरी: थर्मामीटर

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खान्देशात लाइट आणि तापमान वेगळं करून बघताच येत नाही.

भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बंद खोलीतल्या टँकचं पाणी ३१-३२ अंशांवर सहज पोचतं. कोरलला २४ ते २७ बरं वाटतं. कोरलच्या आतलं शेवाळ प्रकाश घेतं तेव्हा त्याची यंत्रणा सतत झिजते आणि सतत दुरुस्त होते. पाणी तापलं की दुरुस्ती मागे पडते. मग तोच प्रकाश, जो जानेवारीत अगदी योग्य होता, मे महिन्यात जास्त ठरतो. वापरला न गेलेला प्रकाश पेशीत प्राणवायूची घातक रूपं तयार करतो आणि कोरल त्या शेवाळाला बाहेर टाकतं. समुद्रातही हेच होतं: पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ पांढरं पडायला लागतं. १९९८ च्या एल निनोत लक्षद्वीपची प्रवाळं अशीच मोठ्या प्रमाणावर ब्लीच झाली. तिथे कोणी लाइटची ताकद वाढवली नव्हती.

म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा, दुपारी चार आणि रात्री दहाला तापमान लिहा. काचेवर चिकटवायच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, ती काचेचं तापमान दाखवते. पाण्यात बुडणारा साधा थर्मामीटर घ्या. दुपारचा आकडा २९ च्या पुढे जात असेल तर लाइटला हात लावण्याआधी पाणी थंड करा.

पाणी थंड करायचा स्वस्त उपाय पंखा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. आपला मे कोरडा असतो, त्यामुळे हा उपाय मुंबईपेक्षा इथे चांगला चालतो. पण त्याच खोलीत कूलर लावून दारं-खिडक्या बंद ठेवल्या की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो. कूलर हवा तर समोरची खिडकी उघडी ठेवा आणि कूलरचा झोत लाइटवर येऊ देऊ नका. ओली हवा लाइटच्या आत गेली की सर्किट हिरवं पडायला सुरुवात होते. जून-जुलैत पावसाळी दमट हवा आली की पंख्याची मदत घटते, तेव्हा "मेमध्ये चाललं, आता का नाही" म्हणून गोंधळू नका.

पंख्यामुळे रोज काही लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती फक्त आरओ-डीआयच्या (आरओनंतर रेझिनमधून उरलेले क्षार काढलेल्या) पाण्याची, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेल्या. मिठाचं पाणी भरलं तर क्षारता चढत जाते आणि कोरल मिटतं, आणि पुन्हा दोष लाइटवर येतो. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, रोज एकाच वेळी तपासा.

आणखी एक उपाय फुकट आहे आणि मी तो प्रत्येक घरी करून देतो: लाइटची वेळ रात्रीकडे सरकवा. दुपारी १२ ते ८ ऐवजी संध्याकाळी ५ ते १, पूर्ण ताकद ८ ते ११. खोली सर्वात तापलेली असते तेव्हा टँक अंधारात राहतो, लाइटची स्वतःची उष्णता भर घालत नाही, आणि घरचे सगळे जेवून निवांत बसतात तेव्हा टँक बहरात असतो. रोज अर्धा तास असं सरकवत मार्चअखेरपर्यंत हा बदल पूर्ण करा. एप्रिल-मेमध्ये ताकदही २०-३० टक्के कमी ठेवा.

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, हा शेवटचा आणि महागडा उपाय. तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो आणि काही उपयोग होत नाही. त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल अशी जागा आधी शोधा, मग विकत घ्या.

चौथी: लाइट किती, आणि किती वेगाने वाढवला

कोरल वापरू शकतं तो प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, त्याचं माप पीएआर, एकक वर उन्हासाठी दिलं तेच. मश्रूमला साधारण ३० ते ८०, झोआला ६० ते १५०, लेदरला (चामड्यासारख्या मऊ कोरलला) ८० ते १५०. टणक फांद्यांच्या कोरलना २०० ते ३५० लागतो, आणि बाजारातले बरेच लाइट त्या कोरलच्या हिशेबाने बनवलेले असतात. ते मश्रूमवर १०० टक्के चालवले की काय होणार हे उघड आहे.

टणक कोरलबद्दल इथेच स्पष्ट लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये रीफ बांधणारी सर्व टणक प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. आपल्या किनाऱ्यावरून काढलेला तुकडा, मग तो कच्छच्या आखातातला असो की मालवणचा, घरी ठेवणं गुन्हा आहे. विक्रेता कितीही स्वस्तात देत असला आणि कागद देत नसला तर घेऊ नका. झोआ, मश्रूम, लेदर, झेनिया यांचा टँक सुंदर होतो, कमी प्रकाशात जगतो आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात टिकायची शक्यता त्याचीच जास्त. पीएआरचं बाकीचं बोलणं याच कोरलच्या हिशेबाने करतो.

जुन्या टी-५ ट्यूब (बारीक ट्यूबलाइट) काढून एलईडी लावला आणि आठवड्यात कोरल जळलं, हे मी सतत बघतो. ट्यूब नऊ महिने ते वर्षभरात बरीच ताकद गमावते आणि कोरल त्या कमी होत गेलेल्या प्रकाशाला सरावलेलं असतं. त्यावर नवा एलईडी पूर्ण जोरात म्हणजे मोठा धक्का. मुंबईहून रात्रभर खोक्यात आलेल्या कोरलचंही तसंच. त्याला आधी तळाशी, कडेला ठेवा, दोन आठवड्यांनी वर आणा.

नवा लाइट जुन्याच्या साधारण निम्म्या ताकदीवर सुरू करा आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. जुन्याएवढी ताकद व्हायला अडीच महिने लागू द्या. मध्येच कोरल मिटायला लागलं तर एक पायरी मागे या आणि दोन आठवडे तिथेच थांबा. अनेक लाइटच्या अॅपमध्ये हे आपोआप करणारी सोय असते, ती चालू करा. पीएआर मीटर महाग आहे, विकत घेण्यापेक्षा एखाद्या दुकानदाराकडून किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडून एका दिवसासाठी मागून आणा. मोजताना सेन्सर कोरलच्या जागेवर ठेवा, पंप चालू ठेवा आणि लहरींमुळे हलणाऱ्या आकड्यांची सरासरी धरा.

एका दिवसात दोन गोष्टी बदलू नका. उंची बदलली तर ताकद तशीच ठेवा, वेळ बदलली तर उंची तशीच. नाहीतर बरं कशाने झालं ते कळत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पाचवी: पाणी

आतापर्यंतचं सगळं ठीक निघालं तरच टेस्ट किट काढा. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य आणि लाइट जोरात असेल तर कोरल उपाशी राहून फिकं पडतं. टँक आरशासारखा स्वच्छ असतो आणि मालकाला कारण कळत नाही. अशा वेळी लाइट कमी करा आणि माशांना थोडं जास्त खायला घाला. काचेवर तपकिरी थर लवकर चढत असेल तर आरओचा टीडीएस मोजा. बोअरचं पाणी जड असल्याने आपल्याकडे डीआयचा रेझिन लवकर संपतो.

सहावी: लाइटमधलाच बिघाड

लाइट मध्येच मंद होतो, लुकलुकतो, दहा मिनिटांनी पुन्हा नीट चालतो, तर पंख्याकडे बघा. मीठ आणि धुळीने पंखा अडकला की लाइट तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो. वीज काढून, बाहेरून मऊ ब्रशने धूळ झाडा. तेवढ्याने पंखा मोकळा फिरला तर काम झालं. एक रंग पूर्ण बंद असेल किंवा सगळा लाइट गुणगुणत असेल तर तो ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाचा) दोष. इन्व्हर्टरवर असतानाच गुणगुण येत असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का बघा.

खरंच नवा घ्यायचा ठरला तर लांबी बघून घ्या. मध्यम आकाराचा एक चौकोनी लाइट साधारण दोन फूट बाय दोन फूट जागा नीट उजळतो. तीन फुटी टँकवर एक मोठा लावण्यापेक्षा दोन मध्यम लावा, मधोमध आग आणि कडेला अंधार असं होत नाही. पाण्यापासून २० ते ३० सेंटीमीटर वर टांगा. पांढरा आणि निळा चॅनल वेगळा कमी-जास्त करता येतो, पंखा बाहेरून साफ करता येतो, सुटा भाग भारतात मिळतो, या तीन गोष्टी विचारा. वॅट नंतर.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, टेस्टर पाण्याला लावल्यावर पेटला, आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडला, प्लगचे पाय हिरवे झाले किंवा जळका वास आला, तर हात घालू नका. कोरड्या हाताने मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. खारं पाणी विजेला फार चांगली वाट देतं. टँकच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोल हवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोलावरून गळेल. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि अर्थिंग कमजोर होतं. एप्रिलमध्ये त्यात पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या.

घरातले काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले तर तो न्यूट्रल सुटल्याचा प्रकार असू शकतो. टँकसह सगळं बंद करा आणि वीज कंपनीला कळवा. तेवढ्यात दहा मिनिटं लाइट चालू ठेवला तरी ड्रायव्हर जाऊ शकतो.

ड्रायव्हर आणि सर्किटचं काम दुरुस्तीवाल्याचं. त्याला द्यायच्या आधी चार गोष्टी तयार ठेवा: पांढऱ्या प्रकाशातले टँकचे फोटो, तीन दिवसांची वेळेची नोंद, बिघाड कोणत्या चॅनलवर आणि लाइट लावल्यापासून किती मिनिटांनी दिसतो ते, आणि बिल. वॉरंटी शिल्लक असेल तर लाइट स्वतः उघडू नका, उघडलेला लाइट बहुधा वॉरंटीत घेत नाहीत.